२१० टक्के कसे, आणि फिल्म पिवळी का पडली

नमस्कार. पेरोव्स्काइटच्या (इथे शिसे-आयोडाइडच्या एका काळ्या अर्धवाहक स्फटिकाच्या) प्रकाश-संवेदकावरच्या लेखाबद्दल तुमच्या तक्रारी दोन. एक, ०.९ अँपिअर प्रति वॅट (एक वॅट प्रकाशामागे मिळणारा प्रवाह) हा आकडा खोटा, कारण त्यातून २१० टक्के कार्यक्षमता निघते, म्हणजे १०० फोटॉनांमागे २१० इलेक्ट्रॉन. दोन, सांगलीत जुलैमध्ये लेखातल्याच कृतीने केलेली फिल्म तिसऱ्या दिवशी पिवळी पडली.

हिशेब तुमचा बरोबर आहे. ०.९ ला १२४० ने गुणून ५३० नॅनोमीटरने, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीने, भागलं की २.१ येतं. पण १०० टक्क्यांची मर्यादा साध्या फोटोडायोडला. लेखातला संवेदक फोटोकंडक्टर आहे: दोन इलेक्ट्रोडांमध्ये नुसती फिल्म आणि वर ५ व्होल्ट. फोटॉन पडला की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धन प्रभारासारखी वाहते) सुटतात. इलेक्ट्रॉन फिल्ममधल्या एखाद्या दोषात अडकला, तर तो मोकळा होईपर्यंत होल एका टोकाने बाहेर पडतो आणि दुसऱ्या टोकाने नवा आत येतो. एका फोटॉनवर अशा दोन-चार फेऱ्या झाल्या की १०० टक्के सहज ओलांडले जातात.

त्याची किंमत वेगात मोजावी लागते, आणि ती लेखात सांगितली नव्हती, ही चूक मान्य. हिरवा एलईडी ५५५ टायमरवर (ठरावीक वेगाने चालू-बंद करणाऱ्या चिपवर) आधी १ हर्ट्‌झने आणि मग १०० हर्ट्‌झने लुकलुकवा आणि ऑसिलोस्कोपवर पाहा. अडकलेले इलेक्ट्रॉन हळूहळू सुटत असतील तर १०० हर्ट्‌झला चौकोनी लाटेचं आरीच्या दातांसारखं काहीतरी होतं आणि उंची घटते. डिटेक्टिव्हिटीचे (संवेदक किती मंद प्रकाश ओळखतो त्याचे) डोळे दिपवणारे आकडेही असेच तपासावेत; पुष्कळदा ते नुसत्या अंधार-प्रवाहावरून (प्रकाश नसतानाच्या प्रवाहावरून) काढलेले असतात, प्रत्यक्ष नॉइज मोजलेलाच नसतो.

आता पिवळेपणा. तो कुठून सुरू झाला हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं निदान तिथेच आहे.

इलेक्ट्रोड म्हणून लावलेल्या चांदीच्या पेस्टच्या कडेने सुरू झाला असेल तर दोष पावसाचा एकट्याचा नाही. फिल्ममधलं आयोडाइड सरकत चांदीपर्यंत जातं आणि सिल्व्हर आयोडाइड बनतं. ओलाव्याने हे काम फक्त लवकर उरकतं. चांदी सोडा. एफटीओ काचेवर (वीजवाहक थर असलेल्या काचेवर) कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) लावून त्या थराची मधली अर्धा मिलिमीटर पट्टी जस्ताची भुकटी आणि पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने खरवडून काढा, आणि फिल्म त्यावर चढवा. इलेक्ट्रोड खाली, फिल्म वर.

काचेच्या उघड्या भागावर सगळीकडे पिवळं पडलं असेल तर तो ओलावा. आधी पाणी शिरून फिल्म फिकट होते. या टप्प्यावर कोरड्या हवेत ती पुन्हा काळी होऊ शकते. पुढे मिथाइलअमोनियम आयोडाइड निघून जातं आणि हळदीच्या रंगाचं लेड आयोडाइड उरतं. तिथून परत फिरणं नाही.

हॉटप्लेटवरच पिवळी झाली असेल तर तापमान वा वेळ जास्त झाला. १०० अंशांना १० मिनिटं पुरेत, आणि प्लेटच्या आकड्यावर विश्वास न ठेवता थर्मोकपल काचेला टेकवून बघा.

प्रमाण तेच ठेवा: ४६१ मिलिग्रॅम लेड आयोडाइड, १५९ मिलिग्रॅम मिथाइलअमोनियम आयोडाइड, ७८ मिलिग्रॅम डीएमएसओ, ६०० मिलिग्रॅम डीएमएफ (शेवटची दोन द्रावकं). बदला ते ईथर. ४००० आरपीएमवर फिरत्या काचेवर ईथर टाकलं की ते झपाट्याने उडतं, काच गार पडते, आणि जुलैच्या हवेतली वाफ तिच्यावर धरते. फिल्म करड्या धुक्यासारखी दिसते ती त्यामुळे. इथिल ॲसिटेट वापरा. फिल्म आपोआप धुरकट व्हायच्या आत टाका, साधारण आठव्या-दहाव्या सेकंदाला. उशीर झाला तर नंतर कितीही तापवा, चकाकी येत नाही.

वरून टोल्यूइनमध्ये विरघळवलेल्या पीएमएमएचा (ॲक्रिलिक प्लास्टिकचा) थर द्या, टोल्यूइनने खालची फिल्म विरघळत नाही. मग काच सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) हळद टिकायची ती तोंड लिंपल्यामुळेच. डब्याचं झाकण दिवसातून दहादा उघडलं तर जेल काय करणार?

पिवळ्या काचा बेसिनमध्ये धुऊ नका. त्यात शिसं आहे. डीएमएफने पुसून बोळे आणि द्रावण ‘शिसे’ लिहिलेल्या वेगळ्या बाटलीत ठेवा, आणि डीएमएफ हाताळताना नायट्राइल मोजे ओले झाले की लगेच बदला.