गिऱ्हाईक परगावचं आहे

नाशिकच्या मेन रोडवर परगावचं गिऱ्हाईक ओळखायला फार हुशारी लागत नाही. कपाळावर गंध, खांद्यावर रामकुंडाचा ओला टॉवेल, एक डोळा मालावर, दुसरा घड्याळावर. नाशिक रोड स्टेशन इथून चांगलं नऊ-दहा किलोमीटर लांब आणि गाडी काही साडी पसंत होईपर्यंत थांबत नाही. आमचे दुकानदार हे सगळं एका नजरेत हेरतात. माझी तक्रार त्यापुढची आहे.

"काय दाखवू?" हा पहिला प्रश्न. "बजेट किती?" हा दुसरा. मालाच्या चिठ्ठीवर किंमत म्हणून सांकेतिक अक्षरं, जी फक्त शेठना आणि त्यांच्या थोरल्या चिरंजीवांना वाचता येतात. ज्याच्या हाताशी वीस मिनिटं आहेत, तो भाव विचारत बसत नाही, बाहेर पडतो. पाचशेपर्यंतचं एका फळीवर, हजारापर्यंतचं दुसऱ्या फळीवर, वर ठळक आकडा, एवढं केलं तरी निम्मं बोलणं वाचेल.

खरी परीक्षा भांड्यांच्या दुकानात. गिऱ्हाईक समजतं गडूचा भाव नगावर, शेठ बोलतात किलोवर, मजुरी निघते शेवटी. वजनकाट्याचा आकडा शेठच्या बाजूला, आपल्या वाट्याला त्याची पाठ. काटा फिरवून ठेवा, भावात मजुरी धरून सांगा. लोखंडी कड्या असलेलं पातेलं तांब्याच्या भावात तोलायचं असेल, तर तेही आधीच बोला. पितळेच्या पातेल्याला कल्हई आहे का, हे न विचारता सांगावं. नाहीतर बाई घरी जाऊन त्यात चिंचेची आमटी करतील, ती कळकेल आणि नाव नाशिकचं खराब होईल.

गडूत गोदावरीचं पाणी भरून न्यायचं असतं, हे साऱ्या बाजाराला ठाऊक आहे. तरी झाकण नुसतं वर ठेवलेलं. ते पाणी एसटीत शेजाऱ्याच्या चिवड्यात उतरतं. गिऱ्हाईकासमोर गडू पाण्याने भरून उलटा धरायला अर्धं मिनिट पुरतं. गळला, तर फिरकीच्या झाकणाची छोटी बाटली द्या: पाणी बाटलीत, बाटली गडूत. पुण्य काही कमी होत नाही.

द्राक्षांबद्दल थोडक्यात. बंद प्लास्टिकच्या पिशवीत घड घामेजतो आणि मुंबई येईपर्यंत मणी देठ सोडतात. भोकांचा डबा, तळाला कागद, घड न धुतलेला. मोठे मणी वर आणि चुरा खाली, ही कलाकुसर आवरती घ्यावी.

क्यूआर कोड शेठच्या मागे, गणपतीच्या तसबिरीखाली का असतो, मला कळलेलं नाही. गिऱ्हाईक गल्ल्यावर आडवं होऊन मोबाईल पुढे करतं. तो गल्ल्यावर आणा. शेजारी दीड फूट उंचीची खुर्ची ठेवा. पंखाही शेठच्या पोटावरून जरा इकडे वळवा. म्हातारी माणसं बसली की सूनबाई निवांत खरेदी करते, हे गणित शेठना मी समजावून सांगावं का?

आणि ती पाटी! "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर ३० दिवस. परगावचा माणूस फुटक्या समईसाठी जळगावहून परत येणार नाही, हे खरं. पण पाटी वाचून समई घेताना तो ती दहादा उलटीसुलटी करतो, तेवढा वेळ शेठचाच जातो.

शेवटी रस्ता. "निमाणी बसस्थानकाला कसं जायचं?" म्हटलं की तीन नोकर तीन दिशांना हात करतात आणि शेठ मान वर न करता म्हणतात, "रिक्षाच करा." बिलाच्या मागची बाजू कोरीच असते. तिथे निमाणी, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, नाशिक रोड आणि जवळचं स्वच्छतागृह, एवढा नकाशा छापायला कितीसा खर्च येईल?

अर्थात त्यासाठी आधी बिल द्यावं लागेल.