आधी नेम, मग आयडी

समोरच्या टीमची मागणी एका ओळीची. जेसनमध्ये (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला डेटा पाठवायचा मजकुराचा साचा) आधी नेम, मग आयडी, मग डेट, शेवटी अमाउंट. मी म्हटलं अहो, जेसनच्या ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे नाव आणि माहिती यांच्या जोड्यांच्या गठ्ठ्यात, क्रमाला काही अर्थ नसतो, जेसनच्या नियमावलीत, आरएफसी ८२५९ मध्ये, २०१७ सालीच स्पष्ट लिहून ठेवलंय. उत्तर आलं, "बरोबर आहे सर, पण आधी नेम पाहिजे."

आता आमचा कोड जावा भाषेतला, आणि आमच्या लायब्ररीतल्या जेसनऑब्जेक्टच्या पोटात बसलाय हॅशमॅप, म्हणजे जोड्या साठवायचं खान्यांचं टेबल. त्याला कीज, म्हणजे जोड्यांची नावं, कुठल्याही क्रमाने द्या, तो हॅशकोड (नावावरून काढलेला आकडा) बघून ज्याला त्याला आपल्या मर्जीच्या खान्यात बसवणार. कधीतरी योगायोगाने क्रम बरोबर येतो, आपण खूश, मग कोणीतरी तेरावं फील्ड वाढवतं, सोळा खान्यांचं टेबल बत्तीसचं होतं आणि बरेचसे उठून भलतीकडेच जाऊन बसतात.

"अरे लिंक्डहॅशमॅप वापर, सोप्पंय," हे सांगायला ऑफिसात माणसांची कधीच टंचाई नसते. वापरला, तो टाकलेला क्रम पाळतो. सगळं ओळीत, शिस्तीत, बघून डोळे निवले. मग तो जेसनऑब्जेक्टच्या कन्स्ट्रक्टरला दिला आणि त्या पठ्ठ्याने एकेक जोडी उचलून परत स्वतःच्या हॅशमॅपमध्ये कोंबली, म्हणजे मुसळ केरातच. शेवटी लायब्ररीच बदलली, जॅक्सन आणलं, तेव्हा कुठे नेम पुढे आलं.

पायथनवाला सहकारी हे सगळं कॉफी पीत बघत होता. त्यांच्याकडे ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून, साधी डिक्टसुद्धा (त्यांचा हॅशमॅप) टाकलेला क्रम पाळते, त्यामुळे त्याला आमच्याबद्दल फार कणव. गो भाषावाला त्याहून वर, त्यांच्यात मॅपवर लूप फिरवला की क्रम मुद्दाम पिसला जातो, उगाच कोणी भरवसा ठेवू नये म्हणून. मला ती भाषा एकदम प्रामाणिक वाटली.

तर क्रम लागला, डेटा पोस्टग्रेस डेटाबेसच्या जेसनबी (जेसन साठवायचा एक टाइप) कॉलममध्ये गेला, आणि बाहेर काय यावं? आयडी, डेट, नेम, अमाउंट! कारण हे साहेब कीज आधी लांबीने लावतात, इंग्रजीत दोन अक्षरांचा आयडी पहिला, मग चार-चारवाले, त्यांच्यात डी आधी एन नंतर, सहा अक्षरी अमाउंट शेवटी. साधा जेसन टाइप बिचारा मजकूर जसाच्या तसा ठेवतो, पण आमच्याकडे "जेसनबी फास्ट असतं" म्हणून कोणीतरी आधीच ठरवून टाकलेलं. कॉलमचा टाइप बदलायला परवानग्या, मीटिंग, सगळं यथासांग झालं.

एवढं झाल्यावर मी सहज विचारलं, पण तुम्हाला हा क्रम लागतो कशाला? तर त्यांचा प्रोग्रॅम जेसन पार्स करतच नाही. अख्खा मजकूर घेतो, स्वल्पविरामावर तोडतो आणि चौथा तुकडा म्हणजे अमाउंट असं धरून चालतो. मी लगेच आमच्या डेटाबेसमध्ये क्वेरी मारून बघितली, नावात स्वल्पविराम असलेले कस्टमर आहेत का. आहेत, भरपूर आहेत. तिकडे कळवलं, तर उत्तर आलं, "मग सर, नेम शेवटी टाका."