शिक्षा झाली म्हणून केलेल्या कामाचा पगार परत घ्यायचा?

शालार्थ आयडीचा घोटाळा (सरकारी पगार प्रणालीचे आयडी काढून बोगस शिक्षकांना पगार दिल्याचं प्रकरण) उघडकीला आल्यापासून नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. मजकूर साधारण असा: "नोकरदार कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरला, की मालकाने त्याचा आजवरचा सगळा पगार वसूल करावा. बीबीसीने हेच केलं. निलंबित माणसाला घरबसल्या अर्धा पगार देणं ही तर जनतेच्या पैशाची लूट आहे. जो निर्दोष आहे त्याला घाबरायचं कारण नाही." बोगस शिक्षकांवरचा राग रास्त आहे, माझाही आहे. पण त्या रागाच्या आडून जी मागणी पुढे रेटली जाते आहे, तिची झळ हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांतल्या कामगारांना बसेल.

आधी बीबीसीचं पाहू. वृत्तनिवेदक ह्यू एडवर्ड्स यांना नोव्हेंबर 2023 मध्ये अटक झाली. एप्रिल 2024 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि जुलैत मुलांच्या अश्लील चित्रांच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला. त्यानंतर बीबीसीने सुमारे 2 लाख पौंड परत मागितले, पण ते फक्त अटकेनंतरच्या महिन्यांचे. त्या काळात ते पडद्यावर नव्हते आणि पगार मात्र चालू होता. त्याआधी कित्येक वर्षं रात्रीच्या बातम्या वाचल्या, त्याचा पगार कोणी मागितला नाही. मेसेजमध्ये आहे "आजवरचा सगळा". बीबीसीने असं काही केलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. पगार ही चांगल्या चारित्र्याची बक्षिसी नाही. माणूस पाळीला आला, मशीनवर उभा राहिला, माल निघाला, मालकाने तो विकला. तो नफा मालकाकडेच राहणार आणि मजुरी तेवढी परत घ्यायची, याला वेठबिगारी म्हणतात, आणि तिला संविधानाच्या कलम 23 ने बंदी आहे. आपला कायदाही याबाबत अगदी स्पष्ट आहे. 1936 च्या वेतन कायद्यात कपातीची कारणं मोजून दिली होती: गैरहजेरी, ठरावीक दंड, उचल, टॅक्स, कोर्टाचा हुकूम, ताब्यात दिलेल्या मालाचं किंवा पैशाचं नुकसान. कामगाराने मालकाला परत दिलेला पैसासुद्धा कपातच धरावा, असं त्यात लिहिलं होतं. "नंतर शिक्षा झाली" हे कारण त्या यादीत नव्हतं. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या वेतन संहितेतही ते नाही.

रीतसर हुकूमनामा असला तरी दिवाणी कोर्ट अख्ख्या पगारावर हात टाकत नाही. 25,000 रुपये पगाराच्या ऑपरेटरचं उदाहरण घ्या. पोटगीची बाब सोडली तर पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश, म्हणजे एकूण 17,000, जप्तीतून सुटतात. जास्तीत जास्त 8,000 जप्त होऊ शकतात. घरभाडं, किराणा, पोरांची फी कर्जबाजारी माणसालाही चुकत नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेला कळतं. मेसेजवाल्यांना मात्र दहा वर्षांपूर्वी खर्च होऊन गेलेला पगार हवा आहे. तो देणार कोण? बहुतेक वेळा बायको, म्हातारे आईबाप, नाहीतर घराचा गहाणदार. यांच्यापैकी एकावरही गुन्हा सिद्ध झालेला नसतो.

मालकाचे हात बांधलेले आहेत, असंही नाही. तो कामावरून काढू शकतो, झालेलं नुकसान वसूल करू शकतो, ग्रॅच्युइटी रोखू शकतो. फेब्रुवारी 2025 मध्ये नागपूरच्याच वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की नैतिक अधःपतनाच्या कृत्यासाठी ग्रॅच्युइटी जप्त करायला फौजदारी शिक्षेचीही गरज नाही. वेकोलिच्या त्या कर्मचाऱ्याने जन्मतारखेचा खोटा दाखला देऊन नोकरी मिळवली होती. त्याच निकालात तिकिटाचे पैसे खाणाऱ्या एसटी कंडक्टरांची जप्ती मात्र कोर्टाने 25 टक्क्यांवर आणली. जसा गुन्हा तसं माप, हे कोर्टाने पाहिलं. मेसेजमध्ये मापच नाही.

अर्ध्या पगाराच्या तक्रारीला उत्तर सोपं आहे. निलंबिताला दुसरीकडे नोकरी करायची मुभा नसते, म्हणून निर्वाह भत्ता असतो. खालच्या कोर्टात शिक्षा झाली आणि अपील चालू असलं, की हा भत्ता महिना 1 रुपया, असा नियम आपल्याच राज्यात होता. 1983 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. 1 रुपयात अपील लढायचं म्हणजे अपिलाचा हक्क कागदावरच राहतो.

आणि "निर्दोष आहे त्याला घाबरायचं कारण नाही" हे तर नागपुरात राहून कोणी लिहू नये. दिल्लीत शिकवणाऱ्या प्रा. साईबाबांना माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून 2017 मध्ये गडचिरोलीच्या कोर्टाने जन्मठेप दिली. 2021 मध्ये दिल्लीच्या कॉलेजने त्यांची नोकरी संपवली. मार्च 2024 मध्ये आपल्याच हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष सोडलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते वारले. त्यांच्या राजकारणाबद्दल कोणाचं काहीही मत असो. दोषी ठरल्याबरोबर शिकवण्याचा पगारही ओरबाडून घेतला असता, तर तो घरच्यांना परत मिळवून द्यायला किती वर्षं आणि किती वकील लागले असते?

राहिला शालार्थचा प्रश्न. तिथे वसुली झालीच पाहिजे, कारण तिथे नेमणूकच खोटी असल्याचा आरोप आहे. ते सिद्ध झालं, तर पगार हीच लूट ठरते. उद्या एखादा खरा शिक्षक बाहेर भांडणात दोषी ठरला, तर ती गोष्ट वेगळी. त्याने तास घेतले, पेपर तपासले, पोरं पास झाली. त्याची शिक्षा कोर्ट ठरवेल, आणि त्यातून पैसा निघालाच तर भरपाई म्हणून तो मार खाल्लेल्या माणसाला मिळायला हवा, संस्थाचालकाला नाही. आणि शालार्थची वसुली फक्त शिक्षकांच्या बँक खात्यांपुरती थांबता कामा नये. ज्यांनी पैसे घेऊन प्रस्ताव पुढे सरकवल्याचं सिद्ध होईल आणि ज्यांच्या लॉगिनमधून आयडी निघाले, त्यांची मालमत्ताही त्यात धरा.