खर्च कोणाच्या नावावर?

मागच्या गणपतीत आम्ही ठाण्याला होतो, नौपाड्यातल्या घरी. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि बोलणं वहिनीच्या अप्रेझलवर आलं. ती ऐरोलीत आयटीत आहे. बाळंतपणाची रजा संपवून परतली तेव्हा तिची टीम दुसऱ्याकडे गेली होती आणि रजेच्या वर्षाचं रेटिंग ‘ॲव्हरेज’ आलं होतं. बाबा म्हणाले, हा सरळ अन्याय आहे. आमच्या काकांचं वागळे इस्टेटमध्ये वर्कशॉप आहे, चौदा माणसांचं. ते म्हणाले, “अन्याय आहेच, पण माझंही ऐका. अकाउंट्सला आणि डिझाइनला मी दोन मुली ठेवल्या होत्या. डिझाइनची बाळंतपणाला गेली. सहा महिने तिचा पगार दिला, बदली माणसाचाही दिला. पुढच्या वेळी मुलगाच घेतला.”

माझ्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची फी याच काकांनी भरली होती. म्हणून ते वाक्य मला जास्त लागलं.

नऊ वर्षं मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. काकांना तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही, ते आता लिहिते आहे. २०१७ मध्ये आपण बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ वर नेली. जर्मनीत पूर्ण पगाराची रजा १४ आठवड्यांची आहे, म्हणजे कागदावर आपण पुढे आहोत. पण आपल्याकडे महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांचे पैसे ईएसआयसी, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, देते. त्याच्या वर पगार गेला की सगळा भार एकट्या मालकावर येतो. आमच्या गल्लीतल्या बेकरीत सात जणी काम करतात. त्यातली एक रजेवर गेली, तेव्हा आरोग्य विम्याने दिवसाला १३ युरोपर्यंत दिले. वरचा फरक बेकरीवाल्या बाईंनी दिला आणि तो त्यांना फंडातून परत मिळाला. या फंडात इथला प्रत्येक मालक पगाराच्या प्रमाणात थोडे पैसे भरतो. ज्याच्याकडे एकही बाई कामाला नाही, तोसुद्धा भरतो. त्यामुळे मुलगा घेतला म्हणून कोणाचा पैसा वाचत नाही. काका, तुमचा राग त्या मुलीवर नको होता. तो या व्यवस्थेवर हवा. ईएसआयसीच्या रूपाने असा फंड आपल्याकडे आहेच. तो २१ हजारांवर का थांबावा? मूल जन्माला येणं ही गरज सगळ्यांची, मग खर्च वागळे इस्टेटमधल्या एका माणसाच्या नावावर का पडावा?

एवढं सांगून थांबले तर मात्र अर्धंच खरं सांगितल्यासारखं होईल.

त्याच रात्री भांडी आवरताना वहिनी म्हणाली, “ताई, तुमचं बरंय. तिकडे सगळे कायदे आहेत.” मी मनात हिशोब केला. ती फुलटाइम काम करते. सगळे कायदे असलेल्या देशात मी आठवड्याला २४ तास काम करते. आणि यात मी एकटी नाही. इथल्या नोकरदार बायकांपैकी जवळपास निम्म्या पार्टटाइम आहेत, पुरुषांत ते प्रमाण साधारण आठात एक आहे. सरासरी तासाच्या मजुरीत २०२४ मध्येही बायका १६ टक्क्यांनी मागे होत्या.

हे होतं कसं, ते माझ्या एका मंगळवारावरून सांगते. मुलीला किटात, म्हणजे इथल्या पाळणाघरात, सोडून मी ऑफिसला पोचले. अकरा चाळीसला फोन आला: ताप ३८.२, घेऊन जा. किटाच्या फॉर्मवर पहिला नंबर नवऱ्याचा आहे, मी स्वतः लिहिलेला. तरी फोन मलाच येतो, दर वेळी. एक वर्ष पूर्ण झालं की किटात जागा मिळणं हा २०१३ पासून मुलांचा हक्क आहे. मूल आजारी पडलं तर आईबापांना वर्षाला प्रत्येकी १५ दिवसांची रजा मिळते. कायद्याने दोघांना सारखंच दिलं आहे, पण फोन करणारा हात आधी आईचाच नंबर शोधतो. शिवाय कर नवरा-बायकोचा एकत्र धरतात. त्यामुळे बऱ्याच घरांत कमी कमावणाऱ्याच्या पगारातून दरमहा जास्त कापलं जातं आणि तिने तास वाढवले तरी हातात फार पडत नाही. मुलाला लवकर किटात घातलं की बाईला डोमकावळीण म्हणतात, तसा शब्दच आहे इथे. पश्चिम जर्मनीत तर १९७७ पर्यंत कायद्यात लिहिलेलं होतं की लग्न झालेल्या बाईने संसाराची कर्तव्यं सांभाळून जमत असेल तरच नोकरी करावी. त्या वर्षी आमची आजी रोज ठाण्याहून लोकलने मुंबईला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला जात होती.

मग वहिनी माझ्यापेक्षा मोकळी आहे का? तिची सकाळ मी महिनाभर जवळून पाहिली. पावणेआठला ती घराबाहेर पडते आणि ट्रान्स-हार्बरची गाडी पकडते. आता मध्ये दिघा गाव झालंय, ऐरोली त्याच्या पुढचं. ती निघते तेव्हा आई कुकर लावत असते, कडेवर नातू असतो. डावा गुडघा दुखतो म्हणून ती सगळा भार उजव्या पायावर देऊन ओट्याशी उभी असते. आईने तीस वर्षं शाळेत नोकरी केली. रिटायर झाल्यावर भजनी मंडळ, नर्मदा परिक्रमा असं बरंच ठरवलं होतं. डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सुचवून दोन वर्षं झाली. ती म्हणते, “नातू शाळेत जायला लागला की बघू. मी काय, घरीच असते.”

सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची २८९ मिनिटं त्यात गेलेली दिसतात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. आईची ‘घरीच असते’ ही मिनिटं वहिनीच्या पगारामागे उभी आहेत. आणि आईच्या मागे सातला येणाऱ्या मावशी आहेत. धाकट्या मुलाच्या वेळी त्या तिसऱ्या महिन्यात कामावर परत आल्या, कारण न आलेल्या दिवसांचे पैसे कापले गेले होते. कापणाऱ्यांत आम्हीही होतो. घरकामगारांसाठी राज्यात २००८ पासून मंडळाचा कायदा आहे, पण त्या महिन्यांचा पगार मावशींना कोणी दिला नाही.

थोडक्यात, माझ्या नोकरीचा खर्च मी माझे तास कापून भरते. वहिनीच्या नोकरीचा आई आणि मावशी भरतात. दोन्ही घरांतल्या पुरुषांच्या पगाराला, बढतीला कुठे ओरखडा नाही. इथे दोघांनी मिळून रजा घेतली तर पालक भत्ता १४ महिने मिळतो, त्यातले किमान दोन दुसऱ्याने घ्यावे लागतात. रजा घेणाऱ्या बापांपैकी बहुतेक नेमके तेवढे दोनच घेतात. माझ्या नवऱ्यानेही दोनच घेतले, आणि त्यातला एक आम्ही ठाण्यात आईच्या हातचं जेवत काढला. आपल्याकडे केंद्र सरकारी नोकरांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खाजगी नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही. पगारी आणि चांगली लांब अशी बापाची रजा, तीही त्याने नाही घेतली तर बुडणारी, हे मागायला हवं. कारण दर घरातला पुरुष कधी ना कधी रजेवर जाणार असेल, तर काकांच्या “मुलगाच घेतला”ला अर्थ उरत नाही.

आईच्या ऑपरेशनची तारीख आता जानेवारीत ठरली आहे. मी दोन आठवडे जाणार. दादाने तीन आठवड्यांची रजा मागितली. त्याच्या साहेबांनी विचारलं, “का, मिसेस नाहीत का घरी?” पाच दिवस मंजूर झाले. काल फोनवर वहिनी तिच्या उरलेल्या रजा मोजत होती. तिला म्हटलं, थांब, मोजू नकोस, दादाला अजून एकदा अर्ज करू दे.