मूठभर मोरचूद टाकण्याआधी हौदाकडे नीट बघा

उन्हाळा लागला की तो मेसेज आमच्या बेळगावातल्या गल्लीच्या ग्रुपवर येतोच, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. 'परड्यातल्या हौदाचं पाणी हिरवं झालं? ते विष आहे. मूठभर मोरचूद टाका, दोन दिवसांत पाणी आरशासारखं. किंवा सगळं पाणी उपसून नळाचं भरा आणि दोन गवत्या मासे सोडा. पाची औषधालाही उरणार नाही.' पाची म्हणजे कन्नडमधलं शेवाळ. आमच्या घरात दोन्ही शब्द चालतात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा निळा क्षार. या मेसेजमधली मोरचुदाची ओळ सगळ्यात घातक आहे, म्हणून आधी तीच घेतो.

शेजारच्या मामांचा हौद आठ फूट लांब, पाच रुंद, तीन खोल. म्हणजे साधारण ३४०० लिटर पाणी. मामा स्वभावाने सावध. मूठ नाही, चहाचा एक चमचाच मोरचूद विरघळवून टाकला. दुसऱ्या दिवशी पाणी खरंच निवळलं, तळाची फरशी दिसायला लागली, मामांनी फोटोही टाकला. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला हाक आली. सगळे गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून भराभर उघडमीट करत होते. उजाडेपर्यंत अकरातले सात उलटे झाले.

झालं असं की शेवाळ मेलं, पण गेलं कुठेच नाही. तळाशी बसून कुजायला लागलं, आणि कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन खातात. दिवसा ऑक्सिजन तयार करणारं शेवाळ तर आपणच मारलेलं. रात्रभर साठा घटत जातो आणि पहाटे तळ गाठतो, म्हणून असे मासे बहुतेकदा पहाटेच जातात.

हे एका चमच्यात. आता मूठ मोजा. मूठ म्हणजे ५० ग्रॅम धरा, तर मामांच्या हौदात लिटरला जवळजवळ १५ मिलिग्रॅम होतं. मत्स्यशेतीतला हिशेब वेगळा असतो: पाण्याची एकूण क्षारता (खारटपणा नव्हे, अल्कलिनिटी; लिटरला किती मिलिग्रॅम ते) भागिले १००, तेवढे मिलिग्रॅम मोरचूद लिटरला. क्षारता १०० असेल तर १ मिलिग्रॅम, म्हणजे या हौदाला साडेतीन ग्रॅमसुद्धा नाही. क्षारता ५० च्या खाली असेल तर मोरचुदाला हातच लावायचा नाही, कारण अशा कमी क्षारतेच्या, मऊ पाण्यात मोरचुदातलं तांबं थेट माशांच्या कल्ल्यांवर घाव घालतं. आणि खानापूरकडच्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी सहसा मऊच. मला वाटतं हा सल्ला अथणीकडच्या द्राक्षबागेतून भरकटत आला असावा; तिथे बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात १०० लिटरला किलोभर मोरचूद पडतं. पण वेलीला कल्ले नसतात.

'हिरवं पाणी म्हणजे विष' हेही सरसकट खरं नाही. हलकं हिरवं पाणी माशांना चालतं, पिल्लांना तर त्यातच खाणं मिळतं. हात कोपरापर्यंत बुडवून बघा. तळवा दिसत असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. मनगटापाशीच सगळं हिरवं होत असेल, तर दाट झालंय. मग काठी बुडवा. केसांसारखे धागे गुंडाळून आले तर ते तंतुशेवाळ; काठीनेच गुंडाळून काढा, कंपोस्टात घाला. काठीला हिरवा ऑइलपेंट लागल्यासारखं दिसलं तर सावध व्हा, ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. खात्रीसाठी काचेच्या बरणीत पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. साधं शेवाळ बहुतेक खाली बसतं, निळं-हिरवं वर साय धरतं. यातल्या काही जाती खरोखर विष तयार करतात, तेव्हा ते पाणी कुत्र्याला, म्हशीला पाजू नका. आणि इथे तर मोरचूद अजिबात नको, कारण पेशी फुटल्या की आतलं विष पाण्यात उतरतं.

पाणी उपसून नळाचं भरायचं म्हणता? राकसकोप धरणाचं असो की हिडकलचं, शहरात येतं ते क्लोरीन घालूनच, आणि क्लोरीन माशांना घातक. शिवाय हौद घासला की माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणूही धुऊन जातात, आणि नव्या पाण्यात शेवाळ पंधरवड्यात परत हजर. आठवड्याला पाचवा हिस्सा बदला, तोही पिंपात दिवसभर उघडं ठेवलेल्या पाण्याने.

गवत्याबद्दल (म्हणजे ग्रास कार्पबद्दल) थोडक्यात: तो गवत आणि पाणवनस्पती खातो, पाणी हिरवं करणारं सूक्ष्म शेवाळ नाही. उलट कमळाची पानं फस्त करून भरपूर हगतो, म्हणजे शेवाळाला आयतं खत. वाढून कित्येक किलोंचा होतो, तो हौद त्याला पुरणारही नाही.

खरं कारण बहुतेक वेळा आपल्याच हातात असतं: मूठमूठ खाद्य. पाच मिनिटांत संपेल तेवढंच घाला. मामांच्याकडे दुसरंही एक सापडलं. गोठ्याचा उतार हौदाकडे होता, वळवाचा पहिला पाऊस झाला की शेणाचं पाणी सरळ आत. आम्ही विटांचा एक थर लावून ते नारळाच्या आळ्याकडे वळवलं, वर निम्म्या भागावर शेडनेट ताणली. उरलेल्या चार माशांसाठी त्या पहाटे मात्र काही शास्त्र नव्हतं. मामी आणि मी अर्धा तास बादलीने पाणी उचलून उंचावरून ओतत होतो, तेवढ्यात मामांनी फिल्टरचा पंप शोधून त्याची नळी वर बांधली.

तो फोटो मामांनी अजून ग्रुपवरून काढलेला नाही.