‘चिमूटभर वाळू टाका, अळी खलास’: मक्याच्या पोंग्यात खरं काय चालतं

पाऊस सुरू होऊन महिना झाला की मुंबईत दोन गोष्टी एकदमच दिसायला लागतात. मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी शेगडीवर भाजली जाणारी कणसं, आणि गावी शेती असलेल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मक्याच्या लष्करी अळीचा ‘रामबाण उपाय’. चाकरमानी तो घाटकोपरला वाचतो आणि ठाणे यायच्या आत येवल्याला, सिल्लोडला, साक्रीला भावाकडे पाठवून मोकळा होतो. चूक झाली तर मका मात्र भावाचा जातो.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: पानाला भोक दिसलं की पोंग्यात (झाडाच्या मधोमध गुंडाळलेल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) चिमूटभर वाळू आणि धुण्याची पावडर टाका, वीस रुपयांत एकर साफ. फवारायचंच असेल तर तीन औषधं एकत्र करून दुपारच्या कडक उन्हात मारा. एकरी पाच सापळे लावले की पुढची काळजी नाही. ही अळी जीएम, म्हणजे जनुकबदल केलेल्या, बियाण्यातून आली. आणि शहरवाल्यांसाठी शेपूट: अळी असलेलंच कणीस घ्या, ते विनाफवारणीचं असतं.

यातलं सगळं खोटं नाही. ते तसं असतं तर सोपं होतं. पण अळी किती दिवसांची आहे आणि नेमकी कुठे बसली आहे, हे मेसेज एकदाही विचारत नाही. सगळा खेळ त्यावरच आहे.

‘पोंग्यात वाळू टाका’

हा मुद्दा निम्मा खरा आहे, म्हणून तो जास्त नडतो. ९ भाग बारीक वाळू किंवा माती आणि १ भाग चुना असं कोरडं मिश्रण पोंग्यात टाकायची शिफारस खरोखर आहे. पण ती पीक साधारण ३० दिवसांचं होईपर्यंतची. तेव्हा अळी लहान असते, पोंगा उथळ असतो, वाळूचे कण तिच्या मऊ अंगाला घासतात आणि चुना चरचरतो. मेसेजमध्ये चुना गायब आहे आणि पिकाचं वयही.

तीस दिवसांनंतर काय होतं ते एखादं झाड हाताशी धरून पाहावं. पोंग्याच्या तोंडाशी लाकडाच्या ओल्या भुशासारखी विष्ठा साचलेली दिसते. ती बोटाने बाजूला केली की खाली गुंडाळलेल्या पानांच्या सुरळीत अळी दडलेली असते, बहुतेक वेळा एकटीच. ही जात आपल्याच भाऊबंदांना खाते, त्यामुळे एका पोंग्यात मोठ्या अळ्या एक-दोनच उरतात. विष्ठेचं ते बूच तिच्या डोक्यावरचं छप्पर असतं. वरून टाकलेली वाळू छपरावरच राहते, आणि फवारा मारला तर तोही तिथेच अडतो.

आता वीस रुपयांचा हिशोब. ६० × २० सेंटीमीटरवर लावलेल्या मक्यात एकरी सुमारे ३३,००० झाडं बसतात. चिमूट २ ग्रॅमची धरली तरी ६६ किलो मिश्रण लागतं. एका झाडाला ५ सेकंद लागले तर ४५ तासांच्या वर काम, म्हणजे एका माणसाचे जवळपास सहा दिवस. वाळू फुकट मिळेलही. मजुरी फुकट नाही. घरची माणसं असतील आणि दहा-पंधरा गुंठेच मका असेल तर हा उपाय जरूर करावा. पाच एकरांचा मालक त्याच्या नादाला लागला, तर शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर पहिल्या ओळीतल्या अळ्या मोठ्या झालेल्या असतात.

धुण्याची पावडर मात्र पोंग्यात टाकूच नये. पोंग्यात दवाचं पाणी साचतं, त्यात पावडर विरघळली की कोवळं पान भाजतं. साबणाचा खरा उपयोग निंबोळी अर्कात होतो. ५ किलो निंबोळीच्या गराची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, पाणी घालून १०० लिटर करायचं आणि त्यात २०० ग्रॅम साबणचुरा मिसळायचा. साबणामुळे अर्क गुळगुळीत पानावर पसरून चिकटतो, एवढंच त्याचं काम. अळी मारायला तो नसतो. हा ५ टक्के अर्क अंडी आणि अगदी लहान अळ्यांच्या वेळी उपयोगी पडतो. बोटभर लांब अळीला त्याचं विशेष काही वाटत नाही.

‘भोक दिसलं की लगेच टाका’

आज पानावर दिसणारं भोक आजचं नसतं. पान पोंग्यात गुंडाळलेलं असताना अळीने ते खाल्लं, नंतर ते वर येऊन उलगडलं. म्हणून बाहेरच्या पानांवर मोठी भोकं आहेत पण सर्वांत आतलं कोवळं पान धड आहे आणि विष्ठा वाळून पांढुरकी झाली आहे, असं असेल तर अळी गेलेली असते. मातीत कोषात गेली असेल किंवा पक्ष्याने उचलली असेल. तिथे औषध मारणं म्हणजे चोर गेल्यावर कुलूप लावणं.

वेळेची खूण वेगळी आहे. मादी पतंग पानावर १०० ते २०० अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यावर अंगावरच्या खवल्यांची करडी लव पसरते. २-३ दिवसांत अळ्या निघतात आणि पानाचा हिरवा थर खरवडतात. खालचा पापुद्रा तसाच राहतो, त्यामुळे उजेडात धरलं की पानावर पारदर्शक खिडक्या दिसतात. उपाय करायचा तो या खिडक्यांच्या वेळी. अळीची अवस्था एकूण १४ ते २१ दिवसांची आणि सहा टप्प्यांची असते, आणि तिच्या जन्मभराच्या खाण्याचा मोठा वाटा शेवटच्या टप्प्यांत असतो. म्हणजे शेताची चाळण झालेली डोळ्यांत भरते तोवर अळीचं बहुतेक जेवण उरकलेलं असतं.

खिडकी दिसली म्हणून लगेच पंप खांद्यावर घ्यायचा नाही. कडेच्या चार-पाच ओळी सोडून, इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात चालत पाच ठिकाणी वीस-वीस झाडं पाहायची. रोप अवस्थेत आणि सुरुवातीच्या पोंग्यात १०० पैकी ५ झाडांवर ताजा प्रादुर्भाव असेल तर उपाय सुरू करावा. पोंगा मध्यम झाल्यावर हा आकडा १०, आणि तुरा यायच्या आधीच्या मोठ्या पोंग्यात २०. मका पानांची बरीच भरपाई करून घेतो. कणसाला मिशा फुटल्यावर औषधाचा खर्च सहसा वसूल होत नाही. तेव्हा अळ्या हाताने वेचलेल्या बऱ्या.

शिवाय ती लष्करी अळीच आहे का? डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडच्या शेवटून दुसऱ्या वळीवर चौकोनात चार ठळक काळे ठिपके, ही तिची ओळख. पानावर एका ओळीत टाचणीने टोचल्यासारखी भोकं असतील आणि मधला पोंगा वाळून ओढला की अलगद हातात येत असेल, तर तो खोडकिडा. तो खोडाच्या आत शिरलेला असतो. पोंग्यात काहीही टाका, त्याला पत्ता लागत नाही. अशी पोंगेमर झालेली झाडं उपटून नष्ट करावीत.

मुंबईत बसून भावाला मदत करायची असेल तर व्हिडिओ कॉलवर अख्खं शेत दाखवायला सांगू नका. हिरवं रान आणि भोकं, याच्यापलीकडे त्यात काही कळत नाही. अळीची शेपटी, सर्वांत आतलं पान आणि पोंग्यातली विष्ठा ओली की वाळलेली, या तीन गोष्टी जवळून दाखवायला सांगा.

‘तीन औषधं एकत्र, भर दुपारी’

मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला हाच. दुकानातल्या तीन बाटल्यांची नावं वेगळी असली तरी आतलं औषध एकच असू शकतं. ब्रँडचं नाव मोठं छापतात, खरं नाव खाली बारीक अक्षरात असतं. मग अळीला एकाच विषाची सवय होते आणि खिशाला तिप्पट चाट बसते. माणसाचं काय होतं ते २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात दिसलं आहे. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले; औषधांची मनमानी मिश्रणं आणि अंगावर संरक्षक कपडे नसणं, याची तेव्हा भरपूर चर्चा झाली. दोन-चार वर्षांत ती विसरली गेली. मका तर डोक्याच्या वर जातो, फवारा थेट तोंडावर येतो.

एका वेळी एकच औषध पुरतं. इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के एसजी लिटरला ०.४ ग्रॅम, किंवा स्पिनेटोरम ११.७ टक्के एससी ०.५ मिली, किंवा क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी ०.४ मिली. १५ लिटरच्या पंपाला हे अनुक्रमे ६ ग्रॅम, ७.५ मिली आणि ६ मिली होतं. दुसरी फवारणी लागलीच तर औषध बदलायचं. चारा किंवा मुरघासासाठी मका असेल तर शेवटची फवारणी आणि कापणी यांत किती दिवस हवेत, ते लेबलवर वाचूनच ठरवावं.

इथे एक साधी चूक फार होते. लिटरचं प्रमाण २०० लिटर पाणी धरून काढलेलं असतं, म्हणजे एकरी इमामेक्टिन ८० ग्रॅम आणि पंप तेरा. प्रत्यक्षात कंबरेएवढ्या मक्यात सहा पंपांत एकर उरकतात. ६ ग्रॅमप्रमाणे ३६ ग्रॅमच पडतं, आणि मग ‘औषध नकली निघालं’ म्हणून दुकानदाराशी भांडण. पीक गुडघ्याच्या खाली असताना पाणी कमी लागतं हे खरं, पण मोठ्या पिकात पाण्याची काटकसर अंगाशी येते. नोझल पोंग्याच्या वर, तोंड खाली करून धरायचं आणि पोंगा भिजेपर्यंत थांबायचं. दोन ओळींच्या मधून हात फिरवत चाललं की पानं धुतली जातात, अळी कोरडीच राहते.

भर दुपारी अळी पोंग्याच्या तळाशी असते आणि संध्याकाळी खायला वर येते. दुपारचे थेंब पोचायच्या आधी सुकतात, इमामेक्टिन तर पानावर उन्हात लवकर निकामी होतं, आणि तुऱ्यावर परागासाठी आलेल्या मधमाश्या मात्र मरतात. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी.

‘एकरी पाच सापळे, पुढची काळजी नाही’

कामगंध सापळ्यात मादीचा गंध लावलेला असतो, त्याला भुलून फक्त नर येतात. अंडी घालणारी मादी बाहेरच असते, आणि एका रात्रीत शंभरेक किलोमीटर उडू शकणाऱ्या या पतंगाला तुमच्या बांधाचं काही देणंघेणं नाही. एकरी पाच सापळे ही पाहणीची संख्या आहे. मोठ्या प्रमाणावर नर पकडायचे तर पंधरा लागतात. पाच सापळ्यांचा उपयोग घड्याळासारखा करावा. रोज सापळ्यामागे एक पतंग यायला लागला की पानांवर अंडी शोधायला निघायचं, आणि ट्रायकोकार्ड लावायची तीच वेळ. ट्रायकोग्रामा हा पतंगाच्या अंड्यांवर वाढणारा चिमुकला परोपजीवी कीटक या कार्डातून सोडतात: एकरी ५०,००० परोपजीवी, कार्ड पानाच्या खालच्या बाजूला. अंडीपुंजावरची लव दाट असेल तर ट्रायकोग्रामाचा डंख आतल्या थरापर्यंत पोचत नाही. टेलेनोमस रेमस ही गांधीलमाशीची चिमुकली जात तिथे जास्त कामाची. कार्ड लावून दोन दिवसांनी औषध फवारलं की दोन्ही पैसे पाण्यात.

ल्यूर (सापळ्यात लावायची गंधाची गोळी) घेताना ‘मक्याची लष्करी अळी’ असं विचारूनच घ्यावं; कपाशीच्या बोंडअळीचं ल्यूर लावलं तर सापळा रिकामाच राहणार. पीक वाढेल तसा सापळाही वर सरकवायचा.

‘जीएम बियाण्यातून आली’

नाही. भारतात जीएम मक्याच्या लागवडीला परवानगीच नाही. ही अळी मूळची अमेरिका खंडातली. २०१६ साली आफ्रिकेत आणि २०१८ साली कर्नाटकात दिसली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली. बियाण्याशी तिचा संबंध असलाच तर उलटा आहे: पेरणीआधी सायअँट्रानिलीप्रोल आणि थायामेथोक्झाम या कीटकनाशकांची बीजप्रक्रिया केली की पहिले दोन-तीन आठवडे रोपं बरीच वाचतात.

‘अळी असलेलंच कणीस घ्या’

वाशीच्या बाजारातून कणसं आणणाऱ्यांना हे पटकन पटतं. पण कणसात शिरलेली अळी सोलांच्या आत असते, बाहेरून कितीही फवारा मारला तरी ती तिथे जिवंत राहू शकते. पंपांवर पंप मारलेल्या शेतातल्या कणसातही अळी निघते. अळीवरून फवारणी झाली की नाही हे कळत नाही.

अळीचं म्हणाल तर तिने खाल्लेला शेंडा दोन-तीन बोटं कापून टाकला की उरलेलं कणीस खुशाल भाजा. पाहायचं ते दुसरंच. अळीच्या वाटेने पाणी शिरतं आणि दाण्यांवर पांढरी-गुलाबी किंवा हिरवट बुरशी धरते. त्यातली काही विषं शेगडीवर भाजून जात नाहीत. भुट्टेवाल्याकडे सोलं मागे ओढून शेंडा बघायला मागा. बुरशी असेल तर मीठ-लिंबू लावायच्या आधीच कणीस बदलून घ्या.