पोटकलम-माहात्म्य

समस्त मानवजात जन्मतः स्वतंत्र आहे असे आपणास मनापासून वाटत असेल, आणि समुद्रापलीकडची एखादी वसाहत आपल्या नावावर असावी अशीही इच्छा असेल, तर मुळीच संकोचू नये. युरोपातील प्रबोधनाच्या थोर विचारवंतांनी दोन्हींची सोय करून ठेवली आहे. तत्त्व ठळक अक्षरांत लिहावे आणि पोटकलम बारीक अक्षरांत.

प्रथम इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांचा कित्ता गिरवावा. गुलामगिरी ही माणसाची अत्यंत नीच अवस्था आहे, असे ग्रंथाच्या आरंभीच बजावावे. मात्र त्याआधी, १६६९ साली, अमेरिकेतील कॅरोलायना या इंग्रज वसाहतीच्या घटनेच्या मसुद्याला हात लावताना, स्वतंत्र नागरिकाची आपल्या काळ्या गुलामांवर निरंकुश सत्ता राहील, हे कलम तसेच राहू द्यावे, आणि पुढे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे थोडे भागही घेऊन ठेवावेत. ज्याचे श्रम त्याची जमीन, हा सिद्धांत तर फारच उपयोगी. अमेरिकेतील मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या मका पिकवीत आले असतील, तर कुंपण घालून कसणे तेच खरे कसणे, असे समजावे. (मक्याला कोण विचारतो?)

एखाद्या देशाचा इतिहास लिहायचा असल्यास तेथे जाऊ नये. जेम्स मिल यांनी हिंदुस्थान न पाहता, येथील एकही भाषा न शिकता, १८१७ साली हिंदुस्थानचा इतिहास लिहून काढला आणि न पाहणे हीच आपली पात्रता ठरवली. त्याच वर्षी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि दोनच वर्षांत मिलसाहेबांना ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी लागली. त्यांचे चिरंजीव जॉन स्टुअर्ट त्याच कंपनीत पस्तीस वर्षे राहिले आणि १८५९ मध्ये स्वातंत्र्यावरील निबंधात लिहून गेले की, रानटी लोकांसाठी हुकूमशाही रास्तच आहे, फक्त हेतू त्यांच्या सुधारणेचा हवा. सुधारणा पुरी झाली की नाही, हे हुकूमशहानेच तपासायचे. कंपनीतील त्यांच्या अखेरच्या हुद्द्याचे नावही ‘परीक्षक’ असेच होते!

धोका एकच: काही लोक पोटकलम न वाचता तत्त्वच खरे धरून बसतात. हैती या कॅरिबियनमधील फ्रेंच वसाहतीतील गुलामांनी तेच केले आणि १८०४ मध्ये ते स्वतंत्र झाले. अशा वेळी गडबडून न जाता १७८९ च्या फ्रेंच मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे शेवटचे कलम उघडावे: मालमत्तेचा हक्क पवित्र आहे. त्याला जागून फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका पाठवल्या आणि जुन्या मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी हैतीकडे १५ कोटी फ्रँक मागितले. पहिल्या हप्त्यापुरतेही पैसे हैतीकडे नव्हते. तेव्हा ते फ्रान्सच्याच सावकारांनी, अर्थात व्याजाने, पुरवले.